वेशीपलीकडच्यांसाठी

मोशी
८ जुलै २०२५

विलास,

सलाम लिहीत नाही. परवा रविवारी तू जे केलंस त्यानंतर तुला सलाम लिहिण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. फोनही करत नाही. फोनवर माझा आवाज चढला की तू 'ताई, मीटिंग आहे' म्हणून कापतोस. पत्र कापता येत नाही.

आबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. रहाटणीच्या ज्या चर्चमध्ये तू पाळक म्हणून उभा असतोस, त्याच्या पायाभरणीची खडी त्यांनी फाउंड्रीतली पहिली पाळी संपवून घमेल्यांनी वाहिली. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास आणि वाळूच्या ढिगावर घसरगुंडी खेळत होतास. परवा त्या माणसाला मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी तूच पुढे बोलावलंस. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं. चाकणला कंत्राटावरून काढलेल्या पोरांसाठी मागितलं. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला गेलेल्यांसाठी मागितलं. आणि मग म्हणाले, 'आन बापा, त्या लांबच्या ग्रहावर तुजी लेकरं असली, तर त्यांच्यासाठी...'

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग चार-पाच जण हसले. आणि तू हात लांब करून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवलंस.

मी पाहिलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते मी. आबांचे ओठ हलत होते, आवाज हसण्यात बुडाला होता, आणि तू 'गीत क्रमांक एकशे बारा' म्हणून मोकळा झालास. पेटी सुरू झाली. माझा बाप तिथे हात जोडून उभाच. शेवटी मीच जाऊन त्यांना जागेवर आणलं.

पुढे प्रभुभोजन झालं. एकेकाने तुकडा घेत भाकरीचं ताट आबांसमोर आलं आणि त्यांनी ते तसंच पुढे सरकवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या लक्षात तरी आलं का?

ती बातमी माझ्या लेकीने, दिव्याने त्यांना वाचून दाखवली होती. रोज संध्याकाळी हिंजवडीहून कॅब आली की ती आबांना मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवते. कुठल्याशा दूरच्या ग्रहाच्या हवेत जिवाची खूण दिसली म्हणे, शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. आबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, 'मंग त्यांच्याकडं कुनी गेलंय का?'

याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं, तर गप्प बसायचंस. बापाचं तोंड कशाला बंद केलंस?

शालन


रहाटणी
१४ जुलै २०२५

प्रिय ताई,

ख्रिस्तात प्रेमाचा सलाम. तू लिहिला नाहीस, तरी मी लिहितो.

तुझा गैरसमज झाला आहे. माइकमधून शिट्टी येत होती म्हणून मी आवाज कमी केला. जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, तुला माहीत आहे. आबांना थांबवण्याचा हेतू नव्हता.

पण एक सांगतो, थांबले ते बरंच झालं. ती बातमी मीही वाचली. तिथे काही असलंच तर ते शेवाळासारखं, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी असेल, तेही खात्रीचं नाही. आबा भर सभेत शेवाळाच्या तारणासाठी प्रार्थना करत होते, ताई! नवीन तरुण मंडळी होती, दोन पाहुणी कुटुंबं होती. आणि पुढच्या बाकावर आमच्या मंडळ-समितीचे अध्यक्ष बबनराव. त्यांनी उपासनेनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, 'पाळकसाहेब, उद्या तिकडं माणसं निघाली तर तिकडंही वधस्तंभ होता असं शिकवणार का?' मी काय उत्तर द्यायचं होतं?

आबांच्या प्रार्थना लांबतात हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक. चाळीत असताना जेवणाआधी ते डोळे मिटायचे, ते आमटीवर साय धरली तरी उघडायचे नाहीत. मी एकदा आमेनच्या आधी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला तर असा धपाटा बसला होता की तुकडा ताटात परत आला. तू अजून हसतेस त्यावर.

त्यांना म्हणावं, रुसू नका. ३ ऑगस्टला पुढचं प्रभुभोजन आहे. मी गाडी पाठवतो.

तुझा,
विलास


मोशी
५ ऑगस्ट २०२५

विलास,

शिट्टी येत होती म्हणतोस. सव्वीस वर्षं मी चाकणच्या लाइनवर गाड्यांच्या वायरी तपासल्या. कुठल्या तारेतून काय आवाज येतो हे मला शिकवू नकोस. शिट्टी आली नव्हती. खोटं बोलायचंच तर दुसऱ्या कोणाशी बोल.

गाडी पाठवलीस, आभार. आबा आले, गायले, तुझा उपदेशही ऐकला. ताट आलं आणि परत तसंच पुढे गेलं. दोन झाली. घरी येऊन मी विचारलं, 'आबा, विलासवर राग आहे का?' तर म्हणाले, 'राग हाय. पर त्येच्यापायी न्हाई.' घरात दोन वेळा नीट जेवतात, नेहमीसारखी प्रार्थना करतात, दिव्याशी गप्पा मारतात. तुझ्या चर्चातली भाकर तेवढी घेत नाहीत.

आणि तो व्हिडिओ. मला वाटलं होतं तू तरी सांगशील. कोणीतरी आबांची प्रार्थना मोबाइलवर घेतली आणि खाली हसरी तोंडं टाकून गावभर फिरवली. पिंपरीहून बुद्धरत्नचा फोन आला, 'शालनताई, हे आपले सोपानकाका ना?' आबांचा धाकटा भाऊ बौद्ध झाला, त्याचा हा मुलगा. चर्चात त्याने कधी पाय ठेवलेला नाही. पण तो त्याच संध्याकाळी पेढे घेऊन आला, आबांजवळ तासभर बसला आणि जाताना म्हणाला, 'काकांनी वाईट काय मागितलं?' हे परधर्मातल्या पुतण्याला कळतं. पोटच्या पाळक मुलाला कळत नाही.

शेवाळ म्हणतोस. शेवाळ तर शेवाळ. आपल्या आजोबांना गाव काय समजत होतं, विलास? जयसिंग म्हार वेशीच्या आत आला तर रस्ता बाटायचा. आबा गावच्या शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी दाराबाहेर पोतं टाकलं आणि त्यावर बसवलं. चार वर्षं आतलं शिकवणं बाहेरून ऐकलं त्यांनी. मग एक उपदेशक आला आणि आजोबांच्या झोपडीत खाली बसून भाकरी खाल्ली. म्हणाला, 'देव तुमच्याकडेही आलाय.' एवढ्या एका वाक्यावर आपलं सगळं घर उभं आहे. धाकट्या काकांना तेच दुसऱ्या दारातून मिळालं, ते त्या दाराने गेले. निघाले दोघे एकाच वेशीबाहेरून.

आणि आता तुझे बबनराव विचारतात, तिकडंही वधस्तंभ होता का. म्हणजे काय रे? देव आला तो वेशीच्या आतच आला, पलीकडच्यांचं त्यांनी बघावं? गावसुद्धा हेच म्हणत होतं. फक्त गावाची वेस दगडांची होती.

मला ग्रहबिहाचं काही कळत नाही. बाहेर बसवलेल्या माणसाने बाहेरच्यांसाठी मागितलं आणि आतल्यांनी त्याला गप्प केलं, एवढं कळतं.

शालन


रहाटणी
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लागलं. पण तू माझी बाजू एकदाही विचारली नाहीस.

तुझं सोपं आहे. तू बाकावर बसतेस. मी उभा असतो. माझ्यासमोर दीडशे माणसं असतात, त्यातली निम्मी सकाळी पाळी संपवून डोळे चोळत आलेली. त्यांना ठाम जमीन हवी असते. आज पाळकाच्या बापाने ग्रहांसाठी प्रार्थना केली, उद्या त्यांचा मुलगा विचारेल, 'तिथे येशू जन्मला होता का?' आणि बाप माझ्या तोंडाकडे बघेल. व्हिडिओचं मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. कोणी काढला तेही माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस.

असो. एक चांगली बातमी आहे. आपल्या मंडळीचा नियम तुला ठाऊक आहे. सलग तीन प्रभुभोजनं नाकारली की नाव सभासदांच्या यादीतून जातं. नाव गेलं की दफनभूमीत आईशेजारची जी जागा आबांसाठी राखली आहे तीही जाते. बबनराव तर आत्ताच चौकशी नेमायची म्हणत होते. आजाऱ्यांना तेवढी सूट आहे. मी दोन बैठका भांडून तो विषय मिटवला. इतिवृत्तात असं लिहिलं आहे:

'ज्येष्ठ सभासद श्री. सोपानराव साळवे यांची मनःस्थिती वयोमानामुळे ठीक नसल्याने त्यांनी सभेत केलेले वक्तव्य व प्रभुभोजनास दिलेला नकार विचारात घेऊ नये.'

आता त्यांनी ताट कितीही वेळा पुढे सरकवलं तरी कोणी बोट ठेवणार नाही. नाव सुरक्षित, जागा सुरक्षित. तू निर्धास्त राहा.

तुझा,
विलास


मोशी
२२ ऑगस्ट २०२५

विलास,

तुझी चांगली बातमी मिळाली. गॅसपुढेच वाचली. भाजी करपली तरी कळलं नाही.

तू बापाला वेडा ठरवलंस. सहीनिशी. शिक्क्यानिशी. आणि वर मला म्हणतोस निर्धास्त राहा.

आमच्या लाइनवर एखादा पार्ट नापास झाला की त्याला लाल टॅग लावून लाल पेटीत टाकावा लागायचा. पण टॅगवर कारण लिहावं लागायचं, आणि खाली तपासणाऱ्याची सही. मी नवीन असताना एकदा पाळी संपत आली म्हणून न तपासताच 'तुटका' लिहून एक पार्ट पेटीत टाकला. सुपरवायझरने तो परत काढला, तपासला, चांगला निघाला. सगळ्या लाइनसमोर मला म्हणाला, 'शालनबाई, पार्टात खोट नाही, तुमच्या सहीत आहे.' तीस वर्षं झाली, अजून कान गरम होतात. आणि तू? तू तपासलंस का? एकदा तरी मोशीला येऊन आबांसमोर बसलास का? त्यांना चालू महिना विचार, आपल्या चाळीतल्या सगळ्या खोल्यांचे नंबर विचार, फाउंड्रीतल्या भट्ट्यांची नावं विचार. तुझ्या समितीतल्या एकालाही इतकं आठवत नसेल.

न तपासता टॅग लावलास तू. कारण खोटं लिहिलंस आणि सही केलीस.

जागेचं म्हणतोस. आईशेजारी 'वेडा' म्हणून पुरण्यापेक्षा आबांना मी इंद्रायणीच्या काठच्या कुठल्याही मातीत शहाणा म्हणून पुरेन.

मी हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणार नव्हतेच. पण तुझं पत्र त्यांनीच पोस्टमनकडून घेतलं होतं आणि चष्मा लावून आधी वाचलं होतं. मला देताना एवढंच म्हणाले, 'इलासचं अक्षर चांगलं ऱ्हायलंय.'

७ सप्टेंबरला मी त्यांना घेऊन येते आहे. तिसऱ्यांदा. गाडी पाठवू नकोस, आम्ही बसने येऊ. सगळ्यांना बघू दे वेडा कसा दिसतो.

शालन


रहाटणी
९ सप्टेंबर २०२५

ताई,

सलाम.

परवा मी ताट घेऊन स्वतः आबांपुढे गेलो, ते तू पाहिलंस. भाकर त्यांच्या हाताजवळ धरली. सगळी सभा बघत होती. बबनराव शेजारच्याला 'बिचारे' म्हणाले तेही मला ऐकू आलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, 'अजून न्हाई.'

ताई, ते रागावलेले नव्हते. वेडे तर मुळीच नव्हते. मी लहानपणी गणित चुकलो की ते असेच बघायचे.

'अजून न्हाई' म्हणजे त्यांना माझ्याकडून उत्तर हवं आहे, एवढं मला कळलं. म्हणून दोन दिवस पुस्तकं काढून बसलो. हे त्यांना वाचून दाखव.

शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही की देवाने एवढंच जग केलं. आकाशं त्याची आहेत, तर आकाशातलं जे काही आहे तेही त्याचंच. इथवर माझा पाय घसरत नाही. तिथे खरंच विचार करणारे जीव असले आणि त्यांनी कधी पापच केलं नसेल, तर त्यांना तारणाची गरज नाही, ते आपल्यापेक्षा सुखी. पण त्यांनीही आपल्यासारखीच माती खाल्ली असेल तर? तिथे मी अडतो. ख्रिस्ताचं एकच मरण सगळ्या विश्वाला पुरतं म्हणावं, तर त्यांना ते कळवणार कोण, आणि ज्यांना कधी कळणारच नाही त्यांचा दोष काय? तो तिथेही गेला, तिथल्या अंगाने जन्मला, तिथेही मेला म्हणावं, तर 'एकदाच' म्हणून मी सत्तावीस वर्षं सांगत आलो त्याचं काय? येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवून म्हणाला होता की माझी दुसऱ्या वाड्यातलीही मेंढरं आहेत. तो दुसरा वाडा म्हणजे कोण हे मी पाळकीच्या परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळाले होते. आता ते उत्तर माझं मलाच पुरत नाही.

मला माहीत नाही, ताई. हे वाक्य मी चर्चच्या व्यासपीठावरून कधी बोललेलो नाही.

आणि शिट्टी येत नव्हती. तू खरं म्हणालीस. लोक हसले आणि माझा हात बटणाकडे गेला. आबांची लाज वाटली नाही मला. भीती वाटली की ते पुढे असं काही विचारतील की मी तिथेच उघडा पडेन. मुलाला वाटू नये अशी भीती.

विलास


मोशी
१५ सप्टेंबर २०२५

विलास,

तुझं पत्र मी आबांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. 'मला माहीत नाही' आलं तिथे त्यांनी मान हलवली. मग विचारलं, 'झालं?' मी म्हटलं झालं. तर म्हणाले, 'लई शिकलाय. पर म्या काय मागत व्हतो ते त्येनं इचारलंय का?'

मी पत्र पुन्हा चाळलं. नाही विचारलंस. दोन महिन्यांत एकदाही नाही.

खरं सांगू? मीही नाही विचारलं. मी तुझ्याशी भांडत बसले. त्या दिवशी त्यांचे ओठ हलत होते ते मला दिसलं, पण हसण्यात ऐकू काही आलं नाही, आणि मी धरून चाललं की जे मला वाटतं तेच ते म्हणत असणार. आता विचारलं तर मला सांगत नाहीत. म्हणतात, 'ज्येनं बंद केलं त्येला सांगीन.'

तू खरं कबूल केलंस, त्याचं मला बरं वाटलं. पण माझा राग त्याने फिटला नाही. खोलीत बसून बहिणीला लिहिणं सोपं आहे. वेडा तू त्यांना वहीत लिहिलंस, सगळ्यांच्या वतीने. ते सगळ्यांसमोर खोड. तुझ्या हाताने. बबनरावांना विचारायला जाऊ नकोस, समितीची बैठक बोलावू नकोस, प्रार्थना करून मार्ग शोधतो असं तर अजिबात लिहू नकोस. मार्ग समोर आहे.

हे झालं नाही तर पुढच्या नाताळला मला भाऊ नाही. हे मी रागात लिहिलं आहे, पण दोन दिवस थांबून पुन्हा वाचून मग पाकीट बंद केलं आहे.

शालन


रहाटणी
६ ऑक्टोबर २०२५

ताई,

काल तुम्ही आला नाहीत. आबांना ताप होता असं दिव्याने कळवलं. म्हणून जे झालं ते लिहितो.

प्रभुभोजनाच्या आधी मी इतिवृत्ताची वही घेऊन पुढे उभा राहिलो. ती ओळ वाचून दाखवली. म्हणालो, 'हे खोटं आहे. सही माझी आहे. माझे वडील तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्धीवर आहेत. मी घाबरलो म्हणून हे लिहिलं.' आणि सगळ्यांसमोर पेनने आडवी रेघ मारली. कागद फाटला थोडा.

बबनराव उभे राहिले. म्हणाले, 'पाळकसाहेब, हे समितीत आणा.' मी म्हटलं, समितीत लिहिलं होतं, सभेत खोडतो. मग मी आबांची प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांसाठी, कंत्राटातून काढलेल्यांसाठी, ओव्हरटाइमला गेलेल्यांसाठी. आणि म्हणालो, 'बापा, त्या लांबच्या ग्रहावर तुझी लेकरं असली, तर त्यांच्यासाठी...'

माझा आवाज अचानक बारीक झाला. बबनरावांनी बटण फिरवलं होतं.

ताई, मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही. चीड आली, इतकी की हातातली वही त्यांच्या अंगावर भिरकवावी. आणि त्याच क्षणी कळलं की आबा तिथे हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल. मी न थांबता बोलणार होतो, माइकशिवाय. पण तोंड उघडलं आणि पुढे काहीच नव्हतं. पुढचं मला माहीतच नाही. तिथूनच तर मी कापलं होतं.

मी वही मिटली. वीसेक जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले, का ते मला ठाऊक नाही. प्रभुभोजन मी पुढच्या रविवारवर टाकलं. समितीने मला लेखी खुलासा मागितला आहे. देईन.

आबांना विचार, ते मला सांगतील का? मी मोशीला येतो. दारात बसायला सांगितलं तर दारात बसेन.

विलास


मोशी
८ ऑक्टोबर

इलास,

सोपान साळवेचा सलाम.

ताप उतारलाय. दारात बसायला येऊ नको, चार वरीस दारात बसून म्या शिकलो, तुला एका दिसात काय येनार. लिवतो ते वाच.

शालन म्हनती म्या रुसलो. तू म्हनतो आबाला उत्तर पायजे. दोगंबी येडे हाय आन वहीत माजं नाव लिवता. त्ये तू खोडलंस, बरं केलंस. पर लिवताना तुजा हात कापला न्हाई, ह्ये मला मरस्तवर आठवंल. ऱ्हाऊ दे.

मला उत्तर नको. देवाला कुटं कुटं जायचं त्ये त्येला कळतंय. मला येकच कळतं. आपल्या घरात आमेन झाल्याबिगर कुनी घास घेत न्हाई. तुला धपाटा मारला त्यो कशापायी? घरातल्या प्रार्थनेला घरातलं आमेन हुतं, मंग म्या जेवतो. पर चर्चातली माजी प्रार्थना तू मधीच तोडली आन गानं लावलं. आमेन झालं न्हाई. तीन म्हैने झाले, ती तितंच उघडी पडलीया. ती उघडी ठिवून म्या तितली भाकर कशी मोडू? ताट आलं की म्हनायचो, अजून न्हाई. ह्येच्यात येडं काय हाय?

तुजं बटन फिरलं तितनं फुडं लिवतो. सबूद तेच हायेत, रोज म्हनून पाठ ठिवलेत.

'त्यांच्यासाठी मागतो. त्यांच्याकडं अजून कुनी गेलं नसंल तर तूच जा. त्यांचं अंग कसंबी असू दे, तू त्यांच्यात बसून जेव, जसा आमच्यात जेवलास. आन ते कदी हिकडं आले, तर आमच्या मानसांस्नी अक्कल दे. त्येंना दाराभाईर बशिवू देऊ नको. आन बशिवलंच, तर बापा, माजं पोतं त्यांच्या शेजारी टाक.'

येवढंच व्हतं. आमेन ऱ्हायलंय.

येत्या रईवारी म्या येतो. ह्ये समदं वाच आन आमेन मंडळीकून म्हनून घे. जे बसलेत त्यांच्याकून. माइक लावू नको. मंग भाकर आन माज्याकडं, भूक लागलीया.

तुजा बाप,
सोपान